काणाडोळा

दुकानाच्या दारावर पाटी आहे :
'येथे नजर ठेवते ती केवळ यंत्रणा. माणूस नाही.'
खाली बारीक अक्षरांत कायद्याचं काहीतरी.

ती यंत्रणा म्हणजे मी.
नाव वुआहिराना, वय एकोणतीस.
अंतानानारिवोच्या एका टेकडीवर, गॅरेजच्या माडीवर
आम्ही अठरा जणी आणि सहा जण
डोळ्यांत तेल घालून बसतो.
तेल महाग झालंय,
हा आमच्यातला जुना विनोद.

माझ्या वाट्याला फ्रान्समधल्या सेंतेत्येनचं दुकान आलं.
तिथली माणसं मी टाळूवरून ओळखते :
भांग, टक्कल, गारठलेल्या लोकरी टोप्या,
एक बाई, जिच्या केसांची मुळं महिन्याने पांढरी होतात
आणि एका शनिवारी पुन्हा तांबडी.
चेहरे क्वचित.

कुणी हात आत नेला की चौकट लाल होते.
चार सेकंद. बटणं तीन :
खिसा, पिशवी, काहीच नाही.
'माहीत नाही' असं चौथं आम्ही मागितलं होतं.
त्सिरी म्हणाला, वर कळवलंय.

माझा माउस नव्वद सेकंद हलला नाही
तर माझ्याही पडद्यावर चौकट उघडते :
'आहात ना?'
आहे, मी लिहिते.
इतक्यांदा 'आहे' मी रविवारी चर्चमध्येही म्हणत नाही.

गुरुवारी सकाळी तपकिरी कोटवाला म्हातारा येतो.
मांजराचं खाणं घेतो, सार्डिनचा डबा उचलतो,
मागची अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचतो, परत ठेवतो.
एका गुरुवारी ठेवला नाही.
लाल.
चार.
हात कोटातच राहिला,
जणू कोटालाच काही विचारत होता.
दोन.
मी 'काहीच नाही' दाबलं.

मग त्याने मान वर केली,
थेट माझ्याकडे, म्हणजे छतावरच्या काळ्या घुमटाकडे,
आणि काहीतरी बोलला.
आवाज नसतो आमच्याकडे.
मी ते अकरा वेळा मागे नेऊन पाहिलं.
फानिलो पूर्वी शाळेत फ्रेंच शिकवायचा,
तो म्हणाला, माफी मागतोय बहुतेक.
शेजारची मिराना म्हणाली, कसली माफी,
वर टांगलेली किंमत वाचतोय.

संध्याकाळी वीज नसते.
पिवळे कॅन घेऊन नळावर रांग,
मग भात, मग पातेल्यातल्या खरवडीत पाणी घालून
उकळलेलं तांबूस पेय, घोट घोट.
तुलियाराहून बहिणीचा फोन येतो :
काय करतेस गं दिवसभर?
करारात लिहिलंय, सांगायचं नाही.
दुकानात असते, मी म्हणते.
बाजारात सुटे पैसे काढताना
मी दोन्ही हात उजेडात धरते, तळवे वर.
भाजीवालीला वाटतं, हिला आणखी काही हवंय.

महिन्याअखेर त्सिरीने भिंतीवर आलेख दाखवला.
आमचं एकेक बटण साठवलं जातं,
त्यातून खरी यंत्रणा शिकते आहे.
म्हणजे ती पाटी खरी व्हावी
याचाच पगार मिळतो आम्हाला.
आणि चुकलेली उत्तरं? मी विचारलं.
ती गाळतात, तो म्हणाला, चहा गाळतात तशी.
तुझं एक होतं. गाळलं.
रागावला नव्हता. मला त्याने बिस्कीटही दिलं.

या गुरुवारी तपकिरी कोट आला नाही.
मागच्याही नव्हता.
मांजराच्या खाण्यासमोर एक मुलगा फोनवर बोलत उभा,
टाळूवर दोन भोवरे.
मी फळीकडे बघत राहिले.
'आहात ना?'
चौकट तशीच राहू दिली.
बराच वेळ.

सहा मिनिटांचे पैसे कापले गेले.
त्यांचा हिशेब बरोबर आहे, मीही मोजली होती.